धर्माचा जमाखर्च : वऱ्हाडातली काही पाने

शाळांतून वक्तृत्व स्पर्धांचे विषय ठरवण्याची वेळ आली की ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा विषय हमखास निघतो. तो फार झिजला आहे असे वाटले, तर एखादा उत्साही शिक्षक ‘धर्म : तारक की मारक’ असा विषय सुचवतो. मग मुख्याध्यापक जरा बिचकतात आणि बहुतेक वेळा ‘वृक्षारोपणाचे महत्त्व’ यावर तडजोड होते. पण जिथे तो विषय खरोखर ठेवला जातो, तिथे काय घडते? एक विद्यार्थी धर्मयुद्धे, इन्क्विझिशन, अस्पृश्यता आणि फाळणीच्या कत्तली मांडतो. दुसरा संतवाङ्मय, अन्नछत्रे, मिशनऱ्यांचे दवाखाने आणि अजिंठ्याची लेणी मांडतो. परीक्षक आवाजाचा चढउतार पाहून गुण देतात. सभागृहातील एकाचेही मत बदललेले नसते.

मोठमोठ्या विचारवंतांचेही याहून फारसे वेगळे झाले नाही. बर्ट्रांड रसेल यांनी १९३० साली या प्रश्नावर निबंध लिहिला. धर्माने संस्कृतीला दिलेल्या उपयुक्त गोष्टी म्हणून त्यांनी जेमतेम दोन मान्य केल्या. पंचांग बसवण्यात धर्माची मदत झाली, आणि इजिप्तच्या पुरोहितांनी ग्रहणांच्या नोंदी इतक्या काळजीने ठेवल्या की पुढे त्यांना ग्रहणांचे भाकीत करता येऊ लागले. बाकी सारा खर्चच. रसेल यांच्या विरोधकांनी अर्थातच उलटा हिशेब मांडला. दोन्ही बाजूंनी बेरजेला घेतलेले आकडे वेगळे होते, त्यामुळे उत्तरेही वेगळी आली.

वैज्ञानिक पद्धतीची सवय असलेल्या माणसाला येथे पहिली शंका उत्तराची येत नाही, प्रश्नाची येते. हा प्रश्न तपासता येईल अशा आकाराचा आहे का? इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७२ साली त्याचा एक तुकडा तोडून पाहिला. राजाला दीर्घायुष्य लाभो अशी प्रार्थना तिकडच्या चर्चांतून नित्य होत असे. तेव्हा प्रार्थनेचा गुण येत असेल तर राजघराण्यातील माणसे इतरांपेक्षा जास्त जगायला हवीत. गाल्टन यांनी तिशी ओलांडलेल्या पुरुषांच्या मृत्यूच्या वयाची सरासरी काढली. धर्मोपदेशक ६९.४९ वर्षे, वकील ६८.१४, डॉक्टर ६७.३१ आणि राजघराण्यातील पुरुष ६४.०४. ज्यांच्यासाठी सर्वांत जास्त प्रार्थना होत होती, ते सर्वांत आधी गेले होते. अलीकडे, २००६ साली, अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर अशीच, पण पुष्कळ अधिक शिस्तीची चाचणी झाली. प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्के सांगितले होते, त्यांच्यात ती थोडी जास्तच आढळली.

प्रयोग म्हणून दोन्ही चांगले, आणि वर्गात सांगण्याजोगे. पण त्यांनी आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते का? नाही. राजा किती जगला यावरून यात्रेला जमलेल्या माणसांचे काय होते ते कळत नाही. गाल्टन यांच्याकडून घ्यायची ती युक्ती एवढीच, की मोठा प्रश्न तोडून लहान करावा. म्हणून आम्ही जगाचा हिशेब सोडून दिला आहे. अमरावती आणि अकोला हे दोनच जिल्हे घेतले आहेत, आणि त्यांतलीही मोजकी पाने. वऱ्हाड का, तर तो आमच्या पायाखालचा आहे आणि तिथे जमा व खर्च या दोन्ही बाजू ठळक आहेत.

पहिले पान मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरचे. तेराव्या शतकात गोविंदप्रभू आणि त्यांचे शिष्य चक्रधर यांच्यामुळे महानुभाव पंथाचे हे मोठे स्थान झाले. चक्रधर संस्कृतात बोलले नाहीत, मराठीत बोलले. त्यांच्या शिष्यांत ब्राह्मण होते तसे इतरही होते, पुरुष होते तशा स्त्रियाही होत्या. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतले जाते ती महदंबा त्यांच्यातलीच. मासिक पाळीचा विटाळ चक्रधरांनी मानला नाही. शरीरातून इतर स्राव येतात तसाच हा एक, असा त्यांचा विचार लीळांतून दिसतो. सातशे वर्षांनंतरही काही शाळांतल्या मुली पाळीच्या दिवसांत घरी बसतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या विचाराची झेप कळते.

चक्रधरांच्या मागे म्हाइंभट यांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना गाठून विचारावे, सांगणारे दोन असतील आणि त्यांत फरक असेल तर तो फरकही नोंदवावा, अशी ही पद्धत होती. शके १२०० म्हणजे इ. स. १२७८च्या सुमारास तयार झालेले ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील पहिला गद्य ग्रंथ मानला जातो. ज्या काळी चरित्र म्हणजे चमत्कारांची माळ असे, त्या काळी साक्षीदार तपासून लिहिलेला हा ग्रंथ आहे, आणि तो धर्मभावनेतून झाला आहे. इतिहासाच्या शिक्षकाने ‘साधनांची चिकित्सा’ शिकवताना युरोपातील उदाहरणे शोधत बसण्याचे कारण नाही.

एवढी सगळी जमेची बाजू. आता याच पानाची पाठ पाहू. चौदाव्या शतकात पंथाने आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. त्यांतली ‘सकळ लिपी’ सर्वांत प्रसिद्ध. तत्त्व सोपे आहे : एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर लिहायचे. किल्ली ठाऊक असेल त्याला पोथी सरळ वाचता येते, नसेल त्याला ती निरर्थक अक्षरांची रास दिसते. काळ धामधुमीचा होता, पोथ्या परक्यांच्या हाती पडू नयेत, त्यांचे पावित्र्य राहावे, हा हेतू होता. हेतू समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा झाला, की सर्वांना कळावे म्हणून ज्यांनी मराठी धरली त्यांचेच ग्रंथ मराठी वाचणाऱ्याला सहाशे वर्षे वाचता आले नाहीत. पंथाबाहेर त्यांच्याविषयी नाना गैरसमज वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे, वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती लिपीची किल्ली आली आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास मागे सरकून नव्याने लिहावा लागला. आता, २०२४पासून, त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे.

एकच पंथ, एकच गाव. ज्ञान उघडे केले तेही धर्माने आणि कुलूप लावले तेही धर्मानेच. मग हे पान कोणत्या बाजूला लावायचे? आमच्या मते येथे ‘धर्म’ हा शब्दच फार मोठा पडतो. प्रश्न किल्लीचा आहे. ती किती जणांच्या हाती होती, एवढे विचारले तर उत्तर मिळते, आणि ते कागदावर तपासताही येते.

दुसरे पान पूर्णा नदीच्या काठचे आहे. अमरावती जिल्ह्यात ऋणमोचन येथे पौष महिन्यात रविवारची जत्रा भरते. पूर्णेचे खोरे म्हणजे काळ्या चिकण मातीचे. ओली झाली की पाय घोट्यापर्यंत रुततो आणि काठावरून माणूस घसरतो. स्नानाला येणारी म्हातारी माणसे, बायका, पोरे पडत. ही अडचण जत्रेइतकीच जुनी असणार. १९०७-०८च्या सुमारास घर सोडून निघालेला एक परीट तिथे आला. अंगावर चिंध्या, हातात मडक्याचे खापर. त्याने काठावर कोरडी माती टाकून वाट करायला सुरुवात केली. पुढे लोकांना हाताशी धरून त्याने तेथे घाट बांधला. हे डेबूजी झिंगराजी जानोरकर. शेंडगावचा जन्म (२३ फेब्रुवारी १८७६), बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला मामाकडे. गाडगे महाराज म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

गाडगेबाबांचे चरित्र शाळेत शिकवताना आपण खराट्यावर थांबतो. पण त्या खराट्याला सार्वजनिक आरोग्याची एक पार्श्वभूमी आहे. एकोणिसाव्या शतकात यात्रा आणि पटकी यांचे नाते सरकारी डॉक्टरांच्या अहवालांत वारंवार येते. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकी पाण्यातून पसरते हे एका पंपाच्या आधारे दाखवले होते. १८८४ साली कलकत्त्याला रॉबर्ट कॉख यांनी तिचा जंतू ओळखला. हजारो माणसे एका नदीवर जमतात, तिथेच शौचाला बसतात, तिथलेच पाणी पितात आणि चार दिवसांनी आपापल्या गावी जातात. रोगाच्या जंतूला याहून सोयीची व्यवस्था माणसाने मुद्दाम केली असती तरी जमली नसती. गावात मरी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायची चाल महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती. आपल्या गावची पीडा दुसऱ्याच्या शिवेत! तिथले लोक तो गाडा आणखी पुढे ढकलत. श्रद्धेचा हा प्रकार खर्चाच्या बाजूला टाकायला आम्हाला फारसा विचार करावा लागत नाही.

नुसत्या खराट्याने पटकीचा जंतू मरत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. गाडगेबाबांमुळे अमुक इतके मृत्यू टळले असा आकडा कोणाजवळ नाही, आणि तसा आव आणणेही बरे नाही. पण घाण काढली पाहिजे, आणि जो काढतो तो हलका नसतो, ही गोष्ट कोणत्या मार्गाने लोकांच्या गळी उतरली? सरकारी पत्रकाने नाही. वाचता येणारेच थोडे होते. ती उतरली कीर्तनातून. स्वतः गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती. पण त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरांचा तास असे. ते श्रोत्यांना विचारीत, श्रोते उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. देवाला बकरे का, नवस फेडायला कर्ज का, हे सगळे त्यात येई. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण व दारू देण्याची रीत मोडून त्यांनी गोड जेवण घातले होते. वडील दारूपायी गेले होते आणि ती दारू देवाच्या नावावर घरात येत होती, हे ते विसरले नव्हते. कीर्तन संपल्यावर पाया पडायला येणाऱ्यांना ते चुकवीत.

वर्गात प्रश्न विचारत शिकवण्याच्या पद्धतीवर प्रशिक्षण शिबिरांतून बरीच भाषणे होतात. तिथे सॉक्रेटिसचे नाव निघते. वऱ्हाडी बोलीतला हा माणूस क्वचितच निघतो. असो.

गाडगेबाबांनी जमवलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, मूर्तिजापूरला गोरक्षण झाले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांचे निधन झाले, तेव्हा स्वतःच्या नावावर त्यांनी काही ठेवले नव्हते. ते नास्तिक नव्हते. देवाचे नाव त्यांच्या तोंडी अखंड होते. देव आणि देवाच्या नावावर चालणारा व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र त्यांनी पक्के धरले होते.

तिसऱ्या पानावर थोडे अधिक थांबायला हवे. ते अमरावती शहरातले आहे.

अंबादेवीचे देऊळ हे अमरावतीचे ग्रामदैवत. रुक्मिणीचे हरण याच देवळातून झाले अशी वऱ्हाडात आख्यायिका आहे. म्हणजे ज्या देवळाची कीर्ती एका मुलीने घरच्यांच्या इच्छेविरुद्ध आपला वर निवडल्याची, त्याच देवळात १९२७ साली गावातल्या एका मोठ्या समाजाला पाऊल टाकायला बंदी होती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. वऱ्हाडातील अस्पृश्य समाजाच्या पुढाऱ्यांनी अंबादेवीच्या दर्शनाचा हक्क मागितला. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. परिषद चालू असतानाच त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी येऊन पोचली. देवस्थानाच्या पंचांनी विचारासाठी मुदत मागितली, म्हणून सत्याग्रह पुढे ढकलायचे ठरले.

येथे गंमत पाहण्यासारखी आहे. आत असलेले लोक धर्माच्या आधारे दार लावून बसले होते. बाहेर असलेले लोकही त्या दिवशी धर्माच्याच आधारे दार ठोठावीत होते : आम्हीही हिंदू आहोत, देवी आमचीही आहे. ‘धर्म तारक की मारक’ हा प्रश्न त्या दाराशी उभे राहून विचारला तर तो कोणाला विचारायचा?

या परिषदेच्या पाठीशी सवर्णांतले जे थोडे होते, त्यांत अमरावतीचे एक तरुण बॅरिस्टर होते. पंजाबराव देशमुख, जन्म २७ डिसेंबर १८९८, गाव पापळ. शेतकऱ्याचा मुलगा. १९२६ साली विलायतेहून परत आले ते नुसते बॅरिस्टर होऊन नव्हे, तर ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन. प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. १९३३ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. शीर्षकातला ‘विकास’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जी गोष्ट उगम पावते आणि वाढत-बदलत जाते, ती अनादी असू शकत नाही. जे एकदा बदलले ते पुन्हा बदलता येते. जीवशास्त्रात ‘उत्पत्ती’ आणि ‘विकास’ हे शब्द आल्यावर जसे झाले, तसेच धर्माच्या अभ्यासातही झाले होते, आणि ते हत्यार घेऊन हा माणूस वऱ्हाडात परतला होता.

त्याचा वापर त्यांनी ग्रंथालयात बसून केला नाही. त्याच नोव्हेंबर महिन्यात त्यांनी जातीबाहेर विवाह केला. १९२८ साली अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. (पटकीचा मघाचा परिच्छेद आठवला तर विहीर बंद असणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. ज्याला विहीर नाही तो नाल्याचे पाणी पितो.) श्रद्धानंद छात्रालय काढले, त्यात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली. आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात त्यांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयी विधेयक मांडले. देवळांकडे जमणारा पैसा आणि जमिनी यांचा विनियोग शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामांसाठी व्हावा, असा त्याचा रोख होता. मद्रास इलाख्यात देवस्थानांच्या कारभारावर देखरेख ठेवणारा कायदा १९२०च्या दशकातच झाला होता, तेव्हा कल्पना अगदीच हवेतली नव्हती. तरी विरोध झाला, आणि त्या विधेयकाचा कायदा झाला नाही.

आमच्या दृष्टीने हे विधेयक म्हणजे आपल्या प्रश्नाला मिळालेले खरे वळण आहे. धर्म चांगला की वाईट हे पंजाबरावांनी सभागृहाला विचारले नाही. देवळात येणारा पैसा कुठे जातो, असे विचारले. पहिल्या प्रश्नावर माणसे भांडत बसतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत असते आणि वही दाखवा म्हणता येते. बहुधा म्हणूनच दुसरा प्रश्न अधिक झोंबतो. पुढे त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था वाढवली, देशाचे कृषिमंत्री म्हणून दहा वर्षे काम केले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली निघाले ते त्यांच्याच नावाने. त्यांचा शेतीचा वारसा सगळ्यांना ठाऊक असतो, देवस्थानांचा फारसा कोणाला नसतो.

मंदिरप्रवेशाचा कायदा मध्यप्रांत-वऱ्हाडात झाला तो १९४७ साली. १९५०च्या राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली आणि सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थळे सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला. तोवर आंबेडकर त्या दारापासून दूर गेले होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३०मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. वऱ्हाडावर त्याचा परिणाम खोल झाला. २०११च्या जनगणनेत अकोला जिल्ह्याच्या लोकसंख्येत सहाव्या हिश्श्याहून अधिक लोक बौद्ध होते. धर्माने ज्यांचे सर्वांत जास्त नुकसान केले त्यांच्या नेत्याने, एवढा व्यासंग करून, धर्मच सोडा असे सांगितले नाही. कोणता धर्म हे तपासून घ्या, असे सांगितले. केवळ खर्चाची बाजू मांडणाऱ्याला याचे उत्तर द्यावे लागते. आणि केवळ जमेची बाजू मांडणाऱ्याला हे सांगावे लागते की लाखो माणसांना आपल्या वाडवडिलांचे घर का सोडावे लागले.

आता एक आक्षेप. कोणी म्हणेल, दार बंद ठेवणे हा धर्म नव्हेच, ती रूढी. दंगल हा धर्म नव्हे, ते राजकारण. वऱ्हाडातल्या अलीकडच्या घटना या आक्षेपाच्या कसोटीला लावून पाहू. १२ आणि १३ नोव्हेंबर २०२१ला अमरावतीत मोर्चे आणि बंद यांतून हिंसाचार उसळला. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. (इंद्रभुवनातल्या परिषदेची तारीखही १३ नोव्हेंबरच, हा निव्वळ योगायोग.) जून २०२२मध्ये त्याच शहरात एका औषध व्यावसायिकाचा खून झाला. समाजमाध्यमावरील मजकुराच्या रागातून तो झाला, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. १३ मे २०२३ला अकोल्याच्या जुन्या शहरात अशाच एका मजकुरावरून दंगल होऊन एक जण मेला. या सगळ्यांत राजकारण होते, अफवा होत्या, बेकार पोरे होती. खरे आहे. पण मग तोच नियम दुसऱ्या बाजूलाही लावायला हवा. दंगल धर्माच्या खाती धरायची नसेल, तर धर्मशाळाही धरता येणार नाही. ती गाडगेबाबांच्या स्वभावाच्या खाती जाईल. खर्च लिहिताना एक नियम आणि जमा लिहिताना दुसरा, असा हिशेब कोणताही लेखापरीक्षक मान्य करणार नाही.

या अडचणीवर थोडा प्रकाश पाडणारी जोडी याच जिल्ह्यात आहे. अचलपूर-परतवाड्याजवळ कोठारा येथे ब्रिटिश काळापासून ख्रिस्ती मिशनचे कुष्ठरुग्णालय आहे. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले, तेही स्वातंत्र्यचळवळीत तुरुंग भोगून आल्यावर. एकाची प्रेरणा येशूची, दुसऱ्याची गांधीविचाराची. हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली दाखवला होता, पण उपयुक्त औषध १९४०च्या दशकापर्यंत नव्हते. तोवर पापाचे फळ म्हणून घराबाहेर काढलेल्या माणसाला जागा, अन्न आणि काम देणे हाच उपचार होता. दोन्ही ठिकाणी तो मिळाला. यावरून आम्ही एवढेच म्हणू की अशा सेवेला धर्मप्रचारक असावेच लागते असे नाही, आणि धर्मप्रचारक असला म्हणून सेवा खोटी ठरत नाही. माणसाला पापी ठरवून घराबाहेर काढणारी समजूत मात्र बहुतेक ठिकाणी धर्माचेच बोट धरून आली होती. तिला धर्मातूनच उत्तर देणारेही निघाले. एवढ्यावरून बेरीज-वजाबाकी करून एक आकडा काढता येईल असे आम्हाला वाटत नाही, आणि तो काढला असे कोणी म्हटले तर त्याची रीत विचारावी.

वर्गासाठी दोन कामे सुचवतो. पहिले आठवी-नववीच्या मुलांसाठी. मुलांना सकळ लिपीसारखी एक लिपी तयार करायला सांगावी. पाच-सहा जणांच्या गटाने किल्ली आपल्याजवळ ठेवून एक उपयोगाची माहिती त्या लिपीत फळ्यावर लिहावी, उदाहरणार्थ घटक चाचणीत येणारा एक प्रश्न. उरलेल्या वर्गाने तो वाचायचा प्रयत्न करावा. मराठीत कोणते अक्षर जास्त वेळा येते हे मोजून किल्ली शोधता येते, हे काही हुशार मुले आपण होऊन काढतील. किल्लीवाल्या गटाची बाकीच्यांशी वागणूक तासाभरात कशी बदलते, तीही शिक्षकांनी टिपून ठेवावी.

दुसरे काम मोठ्या मुलांचे आहे. गावातली एखादी जत्रा, उरूस किंवा यात्रा घ्यावी. पिण्याचे पाणी कुठून येते, शौचाची सोय किती जणांमागे किती आहे, कचरा कोण उचलतो आणि त्याला काय मिळते, स्वयंपाकघरात आणि गाभाऱ्यात कोण जाऊ शकते व कोण नाही, हे सरळ मोजून लिहावे. पैशाचा भाग शिक्षकांनी स्वतः पाहावा. विदर्भाला १९६१पासून लागू झालेल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या देवस्थानाला, दर्ग्याला हिशेब ठेवावा लागतो, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून त्याची नक्कल मागता येते. अमरावती आणि अकोला दोन्हीकडे हे कार्यालय आहे. अर्ज करताना पंचांना आधी भेटून सांगितलेले बरे. काही जण आपण होऊन वही पुढे करतात.